वस्तू, निवेदक आणि शहर : मुंबईच्या दोन संग्रहालयांचे वाचन

साहित्यकृती ही एक संहिता आहे आणि तिच्या अर्थनिर्मितीचे नियम शोधता येतात, ही भूमिका मराठी समीक्षेत आता रुळली आहे. तरीही ज्या संहिता शब्दांऐवजी वस्तूंनी घडतात त्यांच्याकडे आपली समीक्षा फारशी वळलेली नाही. संग्रहालय ही अशी एक संहिता होय. तीत वस्तूंची निवड असते, क्रम असतो, आरंभ आणि शेवट असतो, काही गोष्टी पुढे आणलेल्या व काही दडवलेल्या असतात. थोडक्यात, कथनाची सारी अंगे तेथे हजर असतात. गैरहजर दिसतो तो निवेदक. भिंतीवरची चिठ्ठी कोणाच्याही आवाजात बोलत नाही, आणि म्हणूनच ती सत्याच्या आवाजात बोलते असा भास होतो. या अदृश्य निवेदकाचा शोध घेणे हे समीक्षेचे काम आहे, असे गृहीत धरून मुंबईतील दोन संग्रहालयांचा येथे विचार केला आहे : भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि फोर्ट विभागातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.

बेनेडिक्ट अँडरसन यांनी राष्ट्रकल्पनेवरील आपल्या ग्रंथाच्या १९९१ च्या सुधारित आवृत्तीत जनगणना, नकाशा आणि संग्रहालय या तिहींचा एकत्र विचार केला. वसाहतीची सत्ता मोजते, आखते आणि मांडते. या तीन क्रियांतून तिला आपल्या ताब्यातील प्रदेशाची कल्पना करता येते, असे त्या विवेचनाचे सूत्र आहे. ते भायखळ्याच्या संग्रहालयाला सहज लागू पडते. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर अशा संग्रहाची कल्पना मुंबईत मूळ धरू लागली. फोर्टमधील टाउन बराकीत ठेवलेल्या पहिल्या संग्रहाची १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत, जागा लष्कराला हवी झाल्याने, नासधूस झाली. पुढे जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आदींच्या प्रयत्नांतून नवी इमारत उभी राहिली व १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने ती लोकांना खुली झाली. इलाख्यात काय पिकते, काय विणले जाते, काय घडवले जाते आणि ते कोण घडवतो याची हजेरी मांडणे हा या संग्रहाचा मूळ हेतू होता. व्यापाराला उपयोगी पडणारे ज्ञान आणि प्रजेविषयीचे कुतूहल येथे एकाच कपाटात ठेवलेले दिसते.

या संग्रहातील सर्वांत बोलका भाग म्हणजे मातीचे छोटे नमुने. निरनिराळ्या जाती, धंदे, पेहराव, पागोट्यांचे प्रकार, बैरागी आणि त्यांची आसने हे सारे वीतभर उंचीच्या आकृत्यांमधून येथे उभे आहे. कारागिरी नजर खिळवणारी आहे. पागोट्याचा पीळ आणि धोतराची निरी यांत कोठे हयगय नाही. पण या आकृत्यांना नावे नाहीत. त्या ‘कोणी एक’ नसून ‘अशा प्रकारचा एक’ आहेत. साहित्याच्या परिभाषेत त्या व्यक्तिरेखा नव्हेत, नमुने होत. नमुन्याचा धर्म असा, की त्याच्यात काळ नसतो. व्यक्ती बदलते, म्हातारी होते, धंदा सोडते, गाव सोडते. नमुना जेथे ठेवला तेथे राहतो. ज्या शहरात गावोगावचे विणकर, कुणबी, कोळी येऊन नवी माणसे होऊ लागली होती, त्याच शहराने त्यांना काचेआड अशा रूपात उभे केले की बदलाची शक्यताच नाहीशी व्हावी. या विसंगतीकडे सौंदर्यदृष्टीने पाहणारा प्रेक्षक सहसा लक्ष देत नाही.

येथे एका मराठी ग्रंथाची आठवण अपरिहार्य ठरते. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे संग्रहालयाची इमारत आकार घेत होती त्याच दशकात. विषयही जवळजवळ तोच : शहरातील जाती, धंदे, बाजार, इमारती, सण आणि चालीरीती. दोन्हींचा ओढा नोंद करण्याकडे, यादी करण्याकडे आहे. मात्र माडगांवकरांचा निवेदक लपून राहत नाही. त्याला कौतुक वाटते, राग येतो, तो उपदेश करतो, इंग्रजी राज्याची वाखाणणी करतो आणि आपल्या लोकांच्या खोडीही काढतो. त्याची मते आज आपल्याला पटोत वा न पटोत, ती त्याची आहेत हे वाचकाला कळते, त्यामुळे त्याच्याशी वाद घालता येतो. काचेआडच्या नमुन्याशी वाद घालता येत नाही. एकाच काळात, एकाच शहराविषयी, एकाच हेतूने रचलेल्या या दोन संहितांमधील फरक विषयाचा नाही. तो निवेदनाचा आहे, आणि निवेदनाचा फरक हाच येथे राजकीय फरक ठरतो.

या नमुन्यांना वाचा फुटायला बराच काळ जावा लागला, आणि ती संग्रहालयात फुटली नाही. नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ १९६६ मध्ये आले, नामदेव ढसाळ यांचे ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये, म्हणजे संग्रहालयाच्या उद्घाटनानंतर बरोबर शंभर वर्षांनी. हा योगायोग आहे, परंतु अर्थपूर्ण आहे. गिरणगाव आणि कामाठीपुरा हे भायखळ्याच्या संग्रहालयाचे शेजारी. ज्या माणसांचे पूर्वज हत्यारासह मातीत घडवले गेले होते, त्यांनी या कवितांतून प्रथमपुरुषी सर्वनाम हाती घेतले. या कवितेचे मोल केवळ अनुभवाच्या नवेपणात शोधणाऱ्या समीक्षेच्या नजरेतून एक गोष्ट निसटते : तिने ‘अशा प्रकारचा एक’ या व्याकरणाचाच भंग केला. वर्णिला जाणारा वर्णन करू लागला.

फोर्टमधील संग्रहालयाचे कथन निराळ्या जातीचे आहे. त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसवली गेली. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांची इमारत १९१४ मध्ये पुरी झाली, पण महायुद्धाच्या काळात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट, आत नाशिकच्या एका वाड्यातून आणलेले लाकडी कमानकाम : इमारतच एक संकलन आहे. ज्या वाड्याचे लाकूड आले त्या वाड्यातले जगणे मात्र आले नाही. अलंकार राहिला, घर गेले.

भायखळ्याचा निवेदक प्रजेची नोंद ठेवणारा कारकून असेल, तर येथला निवेदक रसिक संग्राहक आहे. शेट पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ मध्ये घेतला गेला. नाना फडणवीस यांच्या संग्रहातील काही वस्तू त्यात होत्या. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांनी युरोपीय तैलचित्रे व पौर्वात्य कलावस्तूंची दालने भरली. येथे वस्तूचा इतिहास बव्हंशी मालकीचा इतिहास होतो. ती कोणाकडून आली हे ठाऊक असते. ती कोणी घडवली हे बहुधा ठाऊक नसते. दात्यांच्या औदार्याविषयी कृतज्ञ राहूनही हे म्हणायला हवे, की देणाऱ्याचे नाव कोरले जाते तेथे करणाऱ्याचे नाव पुसले जाण्याचा संभव वाढतो.

या संग्रहात आणखी एक कथन आहे, आणि ते कोणी जाणूनबुजून रचलेले नाही. सिंधमधील मीरपूर खास येथील स्तूपाच्या मृण्मूर्ती आणि कर्नाटकातील ऐहोळे येथील देवळाच्या छताचे शिल्पपट एका छपराखाली का, याचे उत्तर कलेच्या इतिहासात सापडत नाही. ते मुंबई इलाख्याच्या नकाशात सापडते. सिंध १९३६ मध्ये इलाख्यातून वेगळा झाला, १९४७ मध्ये सरहद्दीपलीकडे गेला. १९५६ च्या पुनर्रचनेत कन्नड जिल्हे वेगळे झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नकाशा चार वेळा बदलला, पण दालनांत जुना इलाखा अजून नांदतो आहे. मराठी अस्मितेच्या चौकटीत हा संग्रह मावत नाही, आणि ही त्याची उणीव मानण्याचे कारण नाही. उलट, आपल्या प्रादेशिक कथनापलीकडचा भूगोल तो आपल्यासमोर ठेवतो. २०१७ मध्ये याच संग्रहालयात ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या सहकार्याने भारतातील व जगातील वस्तू शेजारी शेजारी मांडणारे प्रदर्शन भरले होते. वस्तूंचे शेजार बदलले की अर्थ बदलतो, ही गोष्ट तेथे ठळकपणे समोर आली. शब्दांविषयी आपण हेच म्हणत आलो आहोत.

चिन्हमीमांसेच्या दृष्टीने मात्र खरी मौज भायखळ्याच्या बागेत आहे. घारापुरी बेटावरच्या एका दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. तो हत्ती इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत १८६४ मध्ये भंगला. त्याचे तुकडे पुढे भायखळ्याला आले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. आज तो संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून फोर्टमधील चौकाला ‘काळा घोडा’ हे नाव लोकांनी दिले. तो पुतळाही १९६५ मध्ये भायखळ्याच्या याच बागेत हलवला गेला. म्हणजे ज्या दोन जनावरांनी मुंबईतील दोन स्थळांना नावे दिली, ती दोन्ही आपापली स्थळे सोडून एकाच आवारात येऊन राहिली, आणि नावे मात्र जागच्या जागी राहिली. चिन्हक आणि चिन्हित यांची अशी उघड फारकत वर्गात शिकवायला मिळणे कठीण. २०१७ मध्ये काळा घोडा चौकात नवा घोडा आला. त्याच्या पाठीवर स्वार नाही. लोकांनी नाव ठेवताना राजाला वगळले होते. नव्या शिल्पाने लोकांचे जुने वाचन अधिकृत केले, इतकेच.

यावरून नामांतराचाही विचार करता येतो. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ मध्ये भाऊ दाजींचे नाव मिळाले, फोर्टमधील संग्रहालयाला १९९८ मध्ये शिवछत्रपतींचे. पहिल्या नावाचे औचित्य विशेष आहे. भाऊ दाजी वैद्य होते, तसेच शिलालेखांचे वाचकही होते. अजिंठ्याच्या लेखांवर त्यांनी काम केले. झिजलेल्या अक्षरांतून हरवलेला कर्ता शोधणे हे त्यांचे कार्य. परंतु दारावरचे नाव बदलल्याने आतला निवेदक बदलत नाही. मुखपृष्ठ नवे आणि मजकूर जुना, अशी स्थिती राहू शकते. २००३ ते २००८ या काळात भायखळ्याच्या इमारतीचे जतनकाम झाले व तिचे एकोणिसाव्या शतकातील रूप उजळून निघाले. त्यामुळे संग्रहालय स्वतःच प्रदर्शनाची वस्तू बनले. जितीश कल्लाट (२०११) आणि अतुल डोडिया (२०१४) यांच्यासारख्या चित्रकारांनी पुढे याच दालनांत आपली कामे मांडली. जुन्या संहितेच्या समासात लिहिलेली ही टिपणे होत. निवेदकाला प्रश्न विचारण्याची ती एक रीत आहे, आणि ती नामांतराहून अधिक खोल जाते.

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. संग्रहालयाला केवळ सत्तेची संहिता मानले, तर प्रेक्षक हा निव्वळ फसवला जाणारा प्राणी ठरतो. तसे नाही. गावाकडून ‘जिवाची मुंबई’ करायला येणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राणीच्या बागेत येत आली आहेत. हत्ती, वाघ पाहता पाहता ती संग्रहालयातही शिरतात. कुंभाराचा नमुना पाहून कुंभाराच्या घरचा माणूस चाक चुकीच्या बाजूला आहे की बरोबर हे सांगू शकतो. चिठ्ठी लिहिणाऱ्याला ते सांगता येईलच असे नाही. हा वाचक संहितेहून जास्त जाणतो. त्याच्या वाचनाची नोंद कोठेच होत नाही, ही खरी हानी आहे.

ही हानी भाषेचीही आहे. दिव्यांच्या कपाटावर ‘तेलाचा दिवा, पितळ’ एवढेच मराठीत लिहिले, तर ते मराठी नव्हे. तो परभाषेतील वर्गीकरणाचा तर्जुमा होय. समई, लामणदिवा, निरांजन, पणती हे शब्द दिव्याचे प्रकार सांगतातच. शिवाय तो कोठे, कोणासमोर, कोणत्या वेळी लागतो हेही सांगतात. शब्दात वस्तूचा वापर साठवलेला असतो. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, दारे अशा रोजच्या वस्तूंचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यामागे हे भान होते. ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, हे येथे लक्षणीय वाटते. अज्ञात कारागिरांच्या वस्तू जमवणाऱ्या माणसाने आपल्यासाठी निवडलेले ते नाव होते.

शेवटी प्रश्न आपल्या अंगणात येतो. आपले वाङ्मयेतिहास आणि पाठ्यपुस्तके हीदेखील संग्रहालयेच आहेत. जात्यावरची ओवी जात्यापासून, लावणी फडापासून, अभंग कीर्तनापासून सोडवून आपण त्यांना काचेआड ठेवतो व खाली काळ आणि प्रकार यांची चिठ्ठी लावतो. जतनासाठी हे काही प्रमाणात अटळ आहे. काच नसती तर पुष्कळसे नष्ट झाले असते, हेही खरे. पण चिठ्ठी लिहिणारा कोण, त्याने कोणाचे नाव राखले आणि कोणाचे गाळले, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली नाही, तर तो साहित्याचा वाचक होणार नाही. दालनांतून पुढे सरकणारा प्रेक्षक होईल. मराठीच्या अभ्यासक्रमात एखाद्या दिवशी संग्रहालयाच्या चिठ्ठीचे रसग्रहण समाविष्ट व्हावे, ही सूचना विनोदाने केलेली नाही. कर्ता वगळून वाक्य कसे पूर्ण करता येते, हे तिच्याइतके स्पष्ट दाखवणारा दुसरा गद्यप्रकार सापडणे अवघड आहे.