पुढच्या आयमॅकमध्ये काय नसेल?

ॲपलचा नवा आयमॅक यायचा असला की सहाआठ महिने आधीपासून एका ठरावीक घाटाचं लेखन सुरू होतं. ‘नव्या आयमॅककडून काय अपेक्षा ठेवाव्यात’, ‘आतापर्यंत कळलेलं सगळं काही’, ‘थांबावं की आत्ताच घ्यावं’ अशी त्याची शीर्षकं असतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून, म्हणजे गेली दहाएक वर्षं, मी हे लेख वाचत आलोय. त्यांतले बहुतेक दुसऱ्या दिवशी विसरण्याजोगे असतात. पण सलग वाचले की लक्षात येतं, हा एक साहित्यप्रकारच आहे. त्याला स्वतःचं व्याकरण आहे, परंपरा आहे, आणि एक आंधळा कोपराही आहे. आणि माझं म्हणणं त्या कोपऱ्याबद्दल आहे.

आधी व्याकरण. मराठी वाचकाला ते नवं वाटू नये, कारण मंत्रिमंडळ विस्ताराच्या बातम्या आपण याच भाषेत वाचतो. ‘आतल्या गोटातून समजतं’, ‘हालचालींना वेग’, ‘मुहूर्त ठरल्याची चर्चा’. कर्ता कुठेच नसतो. जे घडलं नाही ते ‘पुढे ढकललं’ जातं, चुकलं असं कधीच म्हटलं जात नाही. एम१नंतर आयमॅकमध्ये एम२ चिप येणार, असं लोक कितीतरी महिने लिहीत होते. ती आलीच नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये आयमॅक एम१वरून थेट एम३वर गेला. त्यानंतर ‘आम्ही एम२ म्हणालो होतो’ असं कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. पुढच्याच आठवड्यात एम४चे लेख सुरू झाले.

परंपरा मात्र खरोखर रंजक आहे. जानेवारी २००२मध्ये मॅकवर्ल्डच्या आधी ॲपलने स्वतःच्याच संकेतस्थळावर, जे येतंय ते अफवांच्या साइट्सच्या कल्पनेपलीकडचं आहे, अशा अर्थाची जाहिरात केली होती. आणि स्टीव्ह जॉब्सच्या भाषणाच्या आदल्या रात्री ‘टाइम’ साप्ताहिकाच्या कॅनडा आवृत्तीच्या साइटवर तो अर्धगोलावर उभा, सूर्यफुलासारखा मान वळवणारा आयमॅक जी४ चित्रासकट झळकला! साइट्सना जे जमलं नाही ते छापील साप्ताहिकाच्या एका घाईने होऊन गेलं. पुढे डिसेंबर २००४मध्ये ‘थिंक सीक्रेट’ या साइटने पडदा नसलेला, ४९९ डॉलरचा मॅक येतोय असं लिहिलं. जानेवारीत मॅक मिनी नेमका त्याच किमतीला आला. ॲपलने साइटवर खटला भरला, आणि २००७च्या अखेरीला तडजोड होऊन साइट बंद झाली. बातमी खोटी असती तर कदाचित अजून चालू असती. ‘मॅकरूमर्स’ काढणारे अर्नोल्ड किम तर डॉक्टर होते. २००८मध्ये त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ याच कामाला वाहून घेतलं.

हे लोक पुरावे कसे वाचतात, याचं मला, एक प्रोग्रॅमर म्हणून, मनापासून कौतुक आहे. एनक्रिप्शन असलेल्या वस्तूंची नोंद युरेशियन आर्थिक आयोगाकडे करावी लागते, म्हणून तिथे नवे मॉडेल क्रमांक कधी उमटतात यावर पाळत ठेवायची. मॅकओएसच्या चाचणी आवृत्तीत राहून गेलेली एखादी नाममात्र ओळ शोधायची. पेटंटची चित्रं चाळायची. जानेवारी २०२०मध्ये एकाच वळवलेल्या काचेतून बनलेल्या आयमॅकचा पेटंट अर्ज प्रसिद्ध झाला, त्यावर किती पानं लिहिली गेली! असा आयमॅक अजून आलेला नाही. पेटंट म्हणजे वचन नव्हे, ते बऱ्याचदा कुंपण असतं; पण अंदाज लिहिणाऱ्याला कुंपणाआड बागच दिसते.

यातलं सर्वांत बोलकं उदाहरण आयमॅक प्रोचं. नोव्हेंबर २०१७मध्ये त्याच्या अंतर्गत प्रणालीच्या फायली लोकांच्या हाती लागल्या. इंटेल प्रोसेसरच्या शेजारी आयफोनच्या ए१० कुळातली चिप आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं. कोड वाचून काढलेला हा निष्कर्ष होता आणि तो खराच निघाला. पण ती चिप कशासाठी, याचा सर्वांत गाजलेला अंदाज होता, ‘हे सिरी’ सतत ऐकत राहण्यासाठी. प्रत्यक्षात ती टी२ म्हणून आली. तिचं मुख्य काम डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध करणं आणि संगणक सुरू होताना प्रणाली अस्सल आहे ना ते तपासणं. म्हणजे घटक बरोबर ओळखला, हेतू भलताच लावला. कारण हेतू शोधताना ‘मला काय नवीन मिळेल’ एवढाच प्रश्न विचारला गेला. टी२ देणारी कमी आणि अडवणारी जास्त होती. पुढच्या मॅकची दुरुस्ती करणाऱ्यांना ते चांगलंच जाणवलं.

इथेच तो आंधळा कोपरा लागतो. हा साहित्यप्रकार बेरजेचा आहे. चिप नवी, पडदा मोठा, कॅमेरा चांगला, रंग वाढीव. पण आयमॅकचा इतिहास बघितला तर त्याची मोठी वळणं बहुतेक वजाबाकीची आहेत. ६ मे १९९८ला दाखवलेल्या पहिल्या, निळसर पारदर्शक आयमॅकमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता, जुनी पोर्टही नव्हती, यूएसबी होतं. २०१२मध्ये कडा ५ मिलिमीटरवर आली आणि डीव्हीडी ड्राइव्ह गेला. २७ इंची मॉडेलला २०२०पर्यंत मागे एक छोटं झाकण होतं. ते उघडून कुणीही रॅम वाढवू शकत होतं. २०२१च्या एम१ आयमॅकपासून मेमरी चिपच्याच पॅकेजात बसते, त्यामुळे विकत घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर.

एम१ आयमॅकचे अंदाज आणि वस्तू शेजारीशेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. रंगीत आयमॅक परत येणार, ही बातमी महिने-दोन महिने आधी फुटली होती आणि खरी ठरली. पण मी पाहिलेल्या बहुतेक कल्पनाचित्रांत पडद्याखालची ती रुंद पट्टी, जिला सगळे ‘हनुवटी’ म्हणतात, गायब होती. एप्रिल २०२१मध्ये आयमॅक हनुवटीसकट आला आणि लोक हिरमुसले. वास्तविक कोणत्याही इंजिनिअरने कागदावर चार रेघा मारल्या असत्या तरी उत्तर मिळालं असतं. जाडी ११.५ मिलिमीटर करायची तर मुख्य बोर्ड पडद्यामागे ठेवायला जागाच राहत नाही, तो खाली जातो. अख्खा संगणक त्या हनुवटीत आहे. जाडी इतकी कमी की हेडफोनचं भोक मागे घेता येत नाही, कारण पिन १४ मिलिमीटर लांब असते. म्हणून ते कडेला आलं. इथरनेटचं पोर्ट तर विजेच्या ठोकळ्यात गेलं. (हे शेवटचं मला फार आवडलं होतं. टेबलावरची एक वायर कमी झाली.) हनुवटी नको म्हणणाऱ्यांनी तीच जाडी हवी म्हणूनही लिहिलं होतं, एकाच लेखात, दोन परिच्छेदांच्या अंतराने.

हे सगळं मी गंमत म्हणून लिहिलं असतं, पण माझे मामा पुण्यात पुस्तकांची मांडणी करतात. दिवाळी अंकांच्या हंगामात दिवसाचे बारा तास पडद्यासमोर असतात. डावीकडे पान, उजवीकडे पान, आणि जोडाक्षरातला रफार नीट बसलाय का ते दिसेल एवढं मोठं अक्षर. त्यासाठी त्यांना २७ इंचच लागतात. गेली चार वर्षं त्यांचा मला एकच प्रश्न असतो, “काय रे, काय म्हणतायत? थांबू का?” त्यांना इंग्रजी लेख वाचायचा कंटाळा, म्हणून ते काम माझ्याकडे. आणि लेख नेहमी ‘थांबा’ म्हणतात. २७ इंची येतोय, ३० इंची येतोय, ३२ इंची येतोय. नोव्हेंबर २०२३मध्ये ॲपलने पत्रकारांना सरळ सांगितलं की स्वतःच्या चिपवर चालणारा २७ इंची आयमॅक काढण्याचा बेत नाही. कंपनीने इतकं स्पष्ट बोलणं दुर्मीळ. त्यावर लेख आले ते असे: २७ नाही म्हणाले, ३२ नाही असं कुठे म्हणाले? आमच्याकडचे प्रवक्तेही इतक्या सावध वाचनाला पात्र ठरत नाहीत.

मामांसारख्या माणसासाठी खरा प्रश्न चिपचा नाहीच, पडदा आणि संगणक यांना एकत्र चिकटवण्याचा आहे. २०१४मध्ये हे चिकटवणं अगदी शहाणपणाचं होतं. त्या ऑक्टोबरात ५के आयमॅक २,४९९ डॉलरला आला, आणि त्याच सुमाराला डेलने जाहीर केलेल्या नुसत्या ५के मॉनिटरची किंमतही तेवढीच होती. वर त्या मॉनिटरला दोन केबली लावाव्या लागत. ५१२० गुणिले २८८० म्हणजे १ कोटी ४७ लाख ठिपके. सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, हिशोब २१ गिगाबिटच्या वर जातो. त्या काळच्या डिस्प्लेपोर्टमधून जेमतेम १७ जात. आयमॅकने हा प्रश्न आतल्या आत सोडवला. पण त्याच कारणाने एक वजाबाकीही झाली: २००९पासून आयमॅक दुसऱ्या संगणकाचा नुसता पडदा म्हणून वापरता येत असे, ती सोय ५के मॉडेलमध्ये राहिली नाही.

त्या २०१४च्या आयमॅकसाठी मॅकओएस २०२०च्या बिग सरपाशी थांबलं. पडदा मात्र आजही बहुतेक दुकानांतल्या मॉनिटरपेक्षा सरस आहे. तोच ठिपक्यांचा आकडा असलेला स्टुडिओ डिस्प्ले ॲपलने २०२२मध्ये भारतात १,५९,९०० रुपयांना आणला. ऑक्टोबर २०२४चा एम४ आयमॅक १,३४,९०० पासून सुरू झाला. २४ इंची आहे हे मान्य, पण त्यात संगणक आहे, कळफलक आहे, माउसही आहे. असा पडदा पाचसात वर्षांनी केवळ आतल्या चिपपायी निकामी होणार असेल, तर ‘नवीन काय’ या यादीत पहिल्या क्रमांकावर कोणती ओळ हवी, हे मला उघड वाटतं.

एम५ चिप ऑक्टोबर २०२५मध्ये मॅकबुक प्रोमधून आली आणि पुढच्या आयमॅकचे लेख पुन्हा जोरात सुरू झाले. मी त्यांतले बरेच वाचले. नवे रंग, ओएलईडी, आणि अर्थातच ३२ इंच. पडदा म्हणून वापरण्याची जुनी सोय परत येईल का, हा प्रश्न मला क्वचितच दिसला. २४ इंची आयमॅकचे ठिपके ४४८० गुणिले २५२०. प्रत्येकी ३० बिट धरले तरी सेकंदाला सुमारे २० गिगाबिट होतात. आणि एम४ आयमॅकच्या मागे थंडरबोल्ट ४ आहे, ४० गिगाबिटचं. म्हणजे २०१४ची अडचण उरलेली नाही. बिनतारी एअरप्लेने चित्र पाठवता येतं खरं, पण ते दाबून पाठवलेलं असतं. चित्रपटाला चालेल, रफाराला नाही.

मामांना मी या वेळी मॅक मिनी आणि वेगळा २७ इंची मॉनिटर, असा हिशोब लिहून पाठवला. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, “पण ते बत्तीसचं काय म्हणतायत?”