ध्येय कोणाचे आणि पार कोण पाडणार?

अंबडसारख्या तालुक्याच्या गावात पुस्तकाचे दुकान म्हणजे क्रमिक पुस्तके, वह्या आणि स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके. त्यांच्या शेजारी गेल्या काही वर्षांत आणखी एक फळी भरली आहे. यश, ध्येय, श्रीमंती, विजय हे शब्द मुखपृष्ठावर ठळक मिरवणारी ही पुस्तके आमचे विद्यार्थी विकत घेतात. कवितासंग्रह कधी विकत न घेणारा, कथासंग्रह ग्रंथालयातूनही न नेणारा मुलगा हे पुस्तक मात्र पदरचे पैसे मोडून घेतो आणि पेन्सिलीने रेघा मारून वाचतो. जे वाङ्मय इतक्या गरजेने वाचले जाते त्याची समीक्षा करण्याचे आपण टाळतो. ते साहित्यच नव्हे, असे म्हणून मोकळे होतो. परंतु आपल्या वाचकाच्या मनाची जडणघडण जर हे वाङ्मय करीत असेल, तर ते साहित्य आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. ते काय सांगते, काय गाळते आणि का, हे पाहावेच लागेल.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात व्यक्तिमत्त्व विकासाचे शिबिर होते. मी श्रोत्यांत बसलो होतो. व्याख्यात्याने सर्वांना एकेक कागद दिला आणि पाच वर्षांनंतरचे ध्येय लिहायला सांगितले. ते मोजता आले पाहिजे आणि त्याला मुदत असली पाहिजे, एवढीच अट. मुलांनी लिहिले : फौजदार, तहसीलदार, स्वतःचा ट्रॅक्टर. माझ्या शेजारच्या मुलीने बराच वेळ काहीच लिहिले नाही. मग लिहिले, ‘परीक्षेपर्यंत इथे राहणे.’ व्याख्यात्याने कागद मोठ्याने वाचला आणि म्हणाला, ‘ताई, हे ध्येय नव्हे. जरा मोठा विचार करा.’ सभागृह हसले. मी हसलो नाही. पण बोललोही नाही.

तिचे आईवडील दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीबरोबर जात. मुकादमाकडून उचल घेतलेली असे. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तो हिशेब. धाकट्या भावंडांना फडावर कोण सांभाळणार, म्हणून त्या वर्षी तिलाही नेण्याचे घरात ठरत होते. आता व्याख्यात्याच्याच कसोट्या लावून पाहा. तिचे ध्येय निश्चित होते. ते मोजता येत होते. त्याला मुदत होती, आणि ती मुदत गळीत हंगामाशी बांधलेली असल्याने कोणत्याही व्यवस्थापकाच्या मुदतीपेक्षा कडक होती. त्या सभागृहातले ते सर्वांत काटेकोर ध्येय होते. तरीही ते हास्यास्पद ठरले. कारण या वाङ्मयाला अडचण माणसाच्या मनातच असते असे गृहीत धरायचे असते. उचल, मुकादम, कोयता यांना त्याच्या व्याकरणात जागाच नाही.

या कसोट्या आल्या कोठून? जॉर्ज डोरन या अमेरिकन सल्लागाराने नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘मॅनेजमेंट रिव्ह्यू’ या मासिकात एक छोटा लेख लिहिला. तो कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी होता. उद्दिष्ट निश्चित असावे, मोजता यावे, ते कोणी पार पाडायचे हे नेमलेले असावे, ते वास्तवाला धरून असावे आणि त्याला कालमर्यादा असावी, अशा त्याच्या पाच कसोट्या. पुढे हे सूत्र जगभर पसरले, व्यक्तीच्या खाजगी आयुष्याला लागू झाले, आणि या प्रवासात तिसरी कसोटी बहुधा बदलली. ‘कोणी पार पाडायचे’ याच्या जागी ‘साध्य होण्याजोगे’ असा शब्द आला. हा बदल किरकोळ वाटतो; परंतु आपल्या दृष्टीने सारा प्रश्न येथेच आहे. कंपनीत काम कोणाकडे सोपवले, त्याला माणसे आणि पैसा किती दिला, हे विचारावेच लागते. व्यक्तीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न गाळून टाकला, की पार पाडणारा एकटा तो आणि अपयशाचा धनीही एकटा तोच.

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. पदवीच्या कागदावर माझे नाव आहे. ती पार पाडली माझ्या थोरल्या बहिणीने, सातवीतून शाळा सोडून. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) वाचताना, पोरक्या भावाला आधार देणाऱ्या त्यातल्या बहिणीपाशी मी थांबलो तो यासाठीच. डोरनची गाळलेली कसोटी आपल्या आत्मकथनांनी गाळलेली नाही.

तथापि या वाङ्मयाला सरसकट झिडकारणे मला मान्य नाही. नेपोलियन हिल यांचे ‘थिंक अँड ग्रो रिच’ हे या साऱ्या पुस्तकांचे मूळपीठ १९३७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. हवी ती रक्कम ठरवा, तिची तारीख ठरवा, लिहून काढा आणि दिवसातून दोनदा मोठ्याने वाचा, असा त्यातला उपदेश. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण रद्द केले आणि त्यांनी ते स्वतः छापले. जातिव्यवस्था म्हणजे नुसती कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच चढउतारीने केलेली वाटणी आहे, आणि तीत माणसाच्या आवडीला व कुवतीला स्थान नाही, हे त्यांनी तेथे मांडले. याचा अर्थ काय? जिथे धंदा जन्माआधीच ठरतो, तिथे ध्येय ठरवण्याचा अधिकारच नाकारलेला असतो. येसकराने उद्या काय करायचे हे गाव ठरवीत होते. अशा समाजातला मुलगा वहीच्या पहिल्या पानावर ‘मी अमुक होणार’ असे लिहितो तेव्हा तो बाजारू पुस्तकाची नक्कल करीत असेल; पण त्याबरोबर एक फार जुना मनाई हुकूमही मोडीत असतो. म्हणून त्याच्या इच्छेला हसू नये. त्या इच्छेला जे अर्धवट शास्त्र दिले जाते त्याची मात्र चिकित्सा करावी.

पूर्ण शास्त्र कसे असते याचा दाखला आपल्याजवळ आहे. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला शिकू लागले. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परतण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली : चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. म्हणजे ध्येय निश्चित, मुदत ठरलेली. पुढे काय झाले? बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले, नोकरी सोडावी लागली. मुंबईत शिकवण्या केल्या. शेअर आणि रोखे यांच्या व्यवहारात सल्ला देण्याची पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके पांगली आणि पेढी बुडाली. धनंजय कीर यांनी चरित्रात याची नोंद केली आहे. या एका प्रसंगावर आपल्या समीक्षेने, आणि यशाची पुस्तके लिहिणाऱ्यांनीही, थांबायला हवे. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस सल्ला देत होता. ज्ञान होते, इच्छा होती, योजना होती, चिकाटी तर होतीच. मनात काय कमी होते? काहीच नाही. जे कमी पडले ते गिऱ्हाइकाच्या मनात होते.

त्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयातली प्राध्यापकी मिळाली. पगारातून काटकसरीने पैसा बाजूला टाकला. मार्च १९२० मध्ये राजीनामा, शाहू महाराजांचे साहाय्य, नवल भथेना या मित्राकडून कर्जाऊ रक्कम, आणि त्याच वर्षी पुन्हा लंडन. मुदतीच्या आत. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि बॅरिस्टरीही. यात इच्छाशक्ती नाही असे कोण म्हणेल? परंतु इच्छाशक्तीच्या जोडीला एक नोकरी आहे, एक राजा आहे, एक मित्र आहे, आणि मुंबईत अपुऱ्या पैशात घर चालवणाऱ्या रमाबाई आहेत. आणखी एक गोष्ट : निघण्यापूर्वी, ३१ जानेवारी १९२० ला, ‘मूकनायक’ सुरू झाले होते. स्वतःच्या पदवीची घाई असलेला माणूस लोकांसाठी पत्र काढून मग बोटीवर चढतो. वैयक्तिक आणि सामाजिक ध्येय असे दोन रकाने त्यांच्या वहीत नव्हते.

आता आपल्या आत्मकथनांकडे वळू. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) आज पुष्कळदा यशकथा म्हणून वाचले जाते. मुंबई पोर्ट ट्रस्टमधल्या कामगाराचा मुलगा रिझर्व्ह बँकेत आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या कुलगुरुपदी पोचतो, हा त्यातला डोळ्यांत भरणारा भाग. मुलांनी काहीही व्हावे, पण जे होतील त्यात अव्वल असावे, हा बापाचा आग्रह तर शिबिराच्या व्याख्यानात सहज बसेल असा. परंतु शिखरापासून मागे न वाचता आरंभापासून वाचले, तर या घराचे पहिले ध्येय नकारात्मक होते असे दिसते : येसकरकी करायची नाही. ओझर सोडून मुंबईला येणे ही त्या नकाराची परिणती. दलित साहित्यातला ‘नकार’ हा आपण वाङ्मयीन प्रवृत्ती म्हणून शिकवतो. वस्तुतः तो अनेक घरांच्या नियोजनाचा आरंभबिंदू होता. आणि हा बाप केवळ स्वतःच्या जिद्दीवर उभा नाही, चळवळीवर उभा आहे. चळवळ वजा करून त्याचा आग्रह तेवढा उचलला, तर उरते ते सुभाषित.

दुसरे उदाहरण माझ्या मते अधिक मोलाचे आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६). या लेखिकेचे फलटणला किराणा दुकान होते. आरंभ द्राक्षे विकण्यापासून झाला. मग भाजी, मग किराणा. बांधणीच्या रद्दीतले कागद वाचत, दुकानात बसून त्यांनी लिहिले आणि ते लिखाण सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. अल्प भांडवल, नफा पुन्हा मालात घालणे, आपल्याच वस्तीचे गिऱ्हाईक बांधणे : व्यवसायाच्या अभ्यासक्रमात शिकवावे असे हे उदाहरण. आणि दुसरीकडे वीस वर्षे मनात धरलेले, वहीत लपवलेले लेखनाचे ध्येय. परंतु खुद्द पुस्तकात या दुकानाला जवळपास जागा नाही! हा तपशील आपल्याला २००८ साली निघालेल्या इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीतून कळतो. लेखिकेने स्वतःला बाजूला ठेवून समाजाचे जिणे लिहिले. शीर्षकात ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे. ही तिची थोरवी.

पण येथे आपल्यावर एक दोष येतो, तो मान्य केला पाहिजे. आपल्या साहित्याने भूक लिहिली, अपमान लिहिला, शाळा लिहिली, मोर्चा लिहिला. दुकान लिहिले नाही. जमाखर्च लिहिला नाही. पहिले भांडवल कोठून आले, बँकेच्या दारात काय झाले, उधारी कशी बुडाली, हे आपल्या कथेत क्वचितच सापडते. व्यापार म्हणजे शोषण, नफा म्हणजे पाप, असा एक पोकळ दिमाख आपण कार्यकर्त्यांनी आणि प्राध्यापकांनी बाळगला; बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे जयंतीच्या दिवशी सांगितले आणि विसरलो. ती रिकामी जागा यशाच्या पुस्तकांनी भरली. आमचा मुलगा हिलकडे गेला, कारण त्याच्या चुलत्याच्या चपलेच्या दुकानाची गोष्ट त्याला कोणीच वाचायला दिली नाही.

याच काळात प्रत्यक्षात बरेच घडले आहे. १९७८ मध्ये महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर उभी केली. २०१२ च्या आदेशाने केंद्र सरकारच्या खात्यांच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीत चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करण्याचे उद्दिष्ट ठरले. २०१६ च्या ‘स्टँड अप इंडिया’ योजनेत प्रत्येक बँक शाखेने अनुसूचित जाती-जमातीतील किमान एकाला आणि किमान एका स्त्रीला दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज द्यावे असे ठरले. ही सुद्धा ध्येयेच आहेत, मोजता येणारी. पार पाडायची कोणी हेही येथे नेमलेले आहे. मग मुलाला ‘तू मोठा विचार कर’ असे सांगणाऱ्या व्याख्यात्याने बँकेला ‘तुझे ध्येय किती पुरे झाले’ असे कधी विचारले आहे काय? आणि आपण तरी विचारले आहे काय?

एक धोका मात्र या वाटेवरही आहे. एका उद्योजकाचे नाव घेऊन ‘तो करू शकला, तू का नाही?’ असे विचारणे हा त्या उद्योजकाच्या कष्टांचा सन्मान नव्हे. ते बाकीच्यांवर ठेवलेले दोषारोप आहेत. उलट ज्याने साधले त्याला एक प्रश्न विचारता येतो, आणि तो मी प्रथम स्वतःला विचारतो. मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जे दुःख व्यक्त केले ते कोणाविषयी होते? ज्यांचे ध्येय पुरे झाले होते त्यांच्याविषयीच. नोकरी, घर, मुलांचे इंग्रजी शिक्षण ही आमची यादी पुरी होत आली आहे. यादी पुरी झाल्यावर त्या यादीत माझ्या बहिणीचे नाव कोठे होते, हे मला दिसले.

त्या मुलीचे पुढे काय झाले? ती त्या हंगामात फडावर गेली. परीक्षेला परत आली नाही. नंतर एकदा बसस्थानकावर भेटली तेव्हा म्हणाली, ‘सर, माझीच जिद्द कमी पडली.’ हे वाक्य तिला कोणी शिकवले? उसाने नाही, मुकादमाने नाही. आम्ही भरवलेल्या शिबिरांनी शिकवले. ज्या शिक्षकाला हंगाम कधी सुरू होतो हे ठाऊक होते, ज्याला भावंडांसाठी वसतिगृहाची चौकशी करता आली असती, प्राचार्यांकडे शब्द टाकता आला असता, तो शेजारच्या खुर्चीवर गप्प बसला होता. तिच्या ध्येयात पार पाडणारा म्हणून एक नाव माझेही असायला हवे होते.

आता वर्गात मी दरवर्षी तो कागद देतो. मुले ध्येय लिहितात, मुदत लिहितात. खाली एक रकाना मी वाढवला आहे : हे पार पाडण्यासाठी आणखी कोणी काय करायला हवे? मुले प्रथम तो कोरा ठेवतात. मग आई, बहीण, बँक, एस.टी., वसतिगृह, मुकादम, ग्रामसेवक अशी नावे येऊ लागतात. गेल्या वर्षी एका मुलाने तेथे माझे नाव लिहिले आणि काय करायला हवे तेही लिहिले. ते काम अजून पुरे झालेले नाही.