फाशावर टाकलेल्या भाषा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या २०२४ सालच्या नियमपुस्तिकेत पात्राला भाषा बहाल करणारे जे कोष्टक आहे, ते वाचून असे खेळ रचण्याच्या कलेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी चार कठोर शब्द लिहिणे प्राप्त झाले. ‘कॉमन’ नावाची सर्वसामान्य भाषा प्रत्येकास आपोआप येणार. तिच्याखेरीज आणखी दोन भाषा खेळाडूने कोष्टकातून निवडाव्यात, अथवा १२ बाजूंचा फासा टाकून ज्या पदरात पडतील त्या मुकाट्याने घ्याव्यात! पात्र कोणाच्या घरी वाढले आणि कोणाच्या दारी राबले, याची चौकशी करण्याची गरज या नियमाला भासत नाही.

१९७४ सालच्या मूळ खेळात विधिनिष्ठांची एक आणि अराजकवाद्यांची दुसरी भाषा होती. ती कल्पना हास्यास्पद खरी, पण निदान कल्पना होती. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत कौशल्याचे गुण मोजले की भाषा आली. ‘कॉल ऑफ क्थुलू’ने भाषाज्ञान शेकडेवारीत मांडले, म्हणजे अज्ञानाला अपूर्णांकाचा डौल आणला. उर्दूचे प्राध्यापक बार्कर यांनी ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’च्या सृष्टीसाठी आख्खी त्सोल्यानी भाषा घडवली, विद्वत्ता वंदनीय, पण व्याकरण म्हणजे खेळाचा नियम नव्हे. २०१८ सालच्या ‘डायलेक्ट’मध्ये एका एकाकी समाजाची भाषा टेबलाभोवतीच जन्मते आणि मरते, रचना देखणी आहे, परंतु तीत परका मनुष्यच नसल्यामुळे गैरसमजाला वाव उरत नाही.

लक्षपूर्वक विचार करण्याजोगा प्रयत्न एकच, ‘गर्प्स’च्या २००४ सालच्या चौथ्या आवृत्तीचा. तिने बोलणे आणि लिहिणे यांची फारकत केली. दोहोंच्या मोडकी, परक्या हेलाची आणि मातृभाषेसमान अशा तीन पायऱ्या पाडल्या. आणि परक्या समाजाच्या चालीरीतींचा परिचय हे भाषेहून निराळे खाते उघडले. एक मनुष्य एक भाषा बोलतो पण वाचू शकत नाही, दुसरी वाचतो पण बोलू धजत नाही, हे साधे सत्य येथे नियमबद्ध झाले.

या नियमाची परीक्षा कल्पित राज्यात घेण्यापेक्षा काशीच्या अमृतराव घाटावर, म्हणजे आजच्या राजा घाटावर, घ्यावी. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव १८०३ साली ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून सालीना सात लाखांच्या नेमणुकीवर राजकारणातून निवृत्त झाले आणि पुढे काशीस स्थायिक झाले. त्यांच्या पदरचा एक कारकून कल्पावा. घरी मराठी, जमाखर्च मोडीत, नावाड्याशी हुज्जत घालायची ती काशीच्या बोलीत, संध्येची संस्कृत मुखोद्गत पण अर्थाविना, आणि सरकारी अदालतीत अर्जी गुदरायची ती फारसीत. कारण कंपनीच्या कचेऱ्यांतून फारसी हटली ती १८३७ साली. ‘गर्प्स’च्या रकान्यांत हा मनुष्य बव्हंशी बसतो, केवळ कंठस्थ संस्कृतला तेवढा रकाना नाही.

त्याची फारसी मोडकी धरावी. आता त्याच्या हाती एक फारसी हुकूम येतो. तनखा, बाकी, मुदत, जप्ती हे शब्द त्याच्या रोजच्या दफ्तरातलेच असल्यामुळे तो ते ओळखतो. निसटते ते क्रियापद, आणि रक्कम द्यावी की देऊ नये हा सारा निवाडा त्या क्रियापदाला चिकटलेल्या नकारावर अवलंबून असतो. येथे ‘गर्प्स’ काय करते? मोडक्या भाषेबद्दल संबंधित कौशल्यातून तीन गुण वजा करते आणि फासे टाकायला लावते. फासे अनुकूल पडले तर सर्व कळले, प्रतिकूल पडले तर काहीच नाही! परंतु अर्धवट ज्ञान म्हणजे पूर्ण ज्ञानाची घटलेली शक्यता नव्हे. त्यात काही भाग निश्चित कळतो आणि काही निश्चित कळत नाही. खेळ चालवणाऱ्याने खेळाडूला नामे द्यावीत आणि क्रियापद राखून ठेवावे, एवढा एक नियम लिहिला तरी फाशाची गरज उरत नाही आणि नाट्य आपोआप उभे राहते.

यावर ठरावीक उत्तर येते, की भाषेची अडचण आणली म्हणजे खेळ अडतो. अडू द्या! कुलूपबंद दरवाजा आणि तुटलेला पूल यांनी खेळ अडतो तेव्हा त्यास साहस म्हणायचे, आणि भाषेने अडला की रचनेचा दोष, हा कोणता न्याय? आमच्या मराठी राज्यकारभारात फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस नेमलेला असे. हा माणूस प्रामाणिक असेल, भित्रा असेल किंवा प्रतिपक्षाकडून पैसे खाणारा असेल. ‘कॉमन’ने या दुभाष्याचे सबंध पात्रच खेळातून हद्दपार केले, आणि जेथे थोडी जागा उरली होती तेथे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने परभाषा उलगडणारा पहिल्याच पायरीचा मंत्र आणून ठेवला.

म्हणून मागणी सुधारणेची नाही, उच्चाटनाची आहे: ‘कॉमन’ काढून टाकावी, त्या मंत्राची किंमत जबर करावी, आणि भाषेच्या प्रत्येक नियमाने ही भाषा कोणाशी, कोणत्या कामापुरती येते आणि ती न येण्यात फायदा कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. मराठीत असा खेळ रचू पाहणाऱ्यांनी तरी परक्या यक्षगंधर्वांच्या भाषांची कोष्टके उतरवून काढण्याचा नाद सोडावा; मोडी, फारसी आणि संस्कृत यांच्या कात्रीत दिवस काढणारा कारकून ज्यांच्या इतिहासात घरोघर सापडतो, त्यांनी भाषा फाशावर सोडणे हा निव्वळ आळस आहे.