फेटाळले की खोडून काढले?

आरोपाची बातमी वाचताना आपले लक्ष आरोपाकडे जाते. क्रियापद नजरेतून निसटते. चार्ल्स फिलमोर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली दोष देण्याच्या इंग्रजी क्रियापदांवर निबंध लिहिला. त्यातला भेद मोलाचा आहे. ‘अ‍ॅक्यूज’ म्हटले की कृत्य वाईट होते हे गृहीत असते. ते अमक्याने केले, एवढेच सांगायचे असते. ‘क्रिटिसाइज’मध्ये उलट : कर्ता गृहीत, कृत्य वाईट हे सांगणे.

याच नजरेने शब्दजोड्या पाहाव्यात. ‘मेक’ लावले तर नुसता आरोप केला. ‘लेव्हल’ लावले तर नेम धरून केला. बंदूक रोखण्यालाही हेच क्रियापद चालते. ‘हर्ल’ म्हणजे भिरकावला. ‘ब्रिंग चार्जेस’ म्हटले की प्रकरण कायद्याच्या वाटेला लागले. क्रियापद बदलले की आरोप करणाऱ्याबद्दलचे आपले मत बदलते.

खरी मेख मात्र उत्तराच्या क्रियापदांत आहे. ‘डिनाय’ म्हणजे नाकारणे; त्याला पुरावा लागत नाही. ‘रिफ्यूट’चा काटेकोर अर्थ पुराव्यानिशी खोडून काढणे. इंग्रजी वृत्तपत्रे ते सर्रास नुसत्या नकारासाठी वापरतात आणि भाषेचे जाणकार त्याला हरकत घेत आले आहेत. ‘डिसमिस’ आणखी वेगळे. न्यायाधीश खटला ‘डिसमिस’ करतो आणि मंत्रीही आरोप ‘डिसमिस’ करतो. आरोप ज्याच्यावर आहे, तोच शब्दापुरता न्यायासनावर बसतो.

मराठी याहून सुरक्षित नाही. न्यायालय याचिका फेटाळते, पुढारीही आरोप फेटाळतो. ‘आरोप खोडून काढले’ असा मथळा असतो; खाली बातमीत ‘यात तथ्य नाही’ एवढेच वाक्य सापडते. उलट बाजूचा अन्यायही भाषेतच आहे. ‘आळ’ म्हटले की तो खोटाच, असे मराठी कान समजतो. न्याय मागणाऱ्या बाईच्या तक्रारीला कोणी ‘आळ’ म्हटले, तर चौकशीआधीच ती खोटी ठरते.

निवाडा होईपर्यंत ‘आरोप केला’ आणि ‘नाकारला’ ही दोन साधी क्रियापदे पुरेशी आहेत. ‘खोडून काढला’ लिहायचे असेल, तर कशाने खोडला तेही त्याच बातमीत यायला हवे.