पेशी वाढल्या, पण कशाच्या तुलनेत?

पेरणीआधी आमच्या धनजला घरचं सोयाबीन बियाणं ओल्या गोणपाटात ठेवून बघतात. शंभर दाण्यांतले किती उगवले ते मोजायचं. पण सत्तर उगवले म्हणून शेत पिकलं, असं कोणी म्हणत नाही. रक्ताच्या मूळपेशींवरचे पेपर वाचताना मला हे गोणपाट हमखास आठवतं.

आधी प्रश्न समजून घेऊ. नाळेच्या रक्तात मूळपेशी असतात, पण एका पिशवीतल्या पेशी मोठ्या माणसाला बऱ्याचदा कमी पडतात. प्रत्यारोपणानंतर पांढऱ्या पेशी उशिरा वर येतात आणि तोवर साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या. गंमत अशी, की वाढवण्याच्या नादात त्यांतल्या काही मरतात, तर काही पुढच्या अवस्थेत जाऊन आपलं 'मूळपण' गमावतात.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संगीता, वैजयंती काळे आणि ललिता लिमये यांचा २०१० चा 'प्लॉस वन'मधला पेपर नेमका इथे हात घालतो. वाढीच्या माध्यमात पेशीमृत्यू घडवणाऱ्या कॅस्पेज किंवा कॅल्पेन या विकरांना रोखणारं रसायन घातलं, तर सीडी३४ ही खूण असलेल्या पेशी जास्त मिळाल्या. त्या नुसत्या मोजून लेखक थांबले नाहीत. पेशी वसाहती करतात का, दीर्घ संवर्धनात टिकतात का, हे पाहिलं. मग त्या नॉड-स्किड उंदरांत सोडल्या. तिथे त्या अस्थिमज्जेत जास्त चांगल्या रुजल्या आणि रक्ताच्या मुख्य शाखाही तयार झाल्या. हे या पेपरचं खरं बळ. सीडी३४ मोजणं म्हणजे गोणपाट. उंदीर म्हणजे निदान एक वाफा तरी.

आता टीकेचं. पेशी 'जास्त चांगल्या रुजल्या', पण कोणापेक्षा? पेपरचा मुख्य दावा फक्त वाढघटक देऊन वाढवलेल्या पेशींच्या तुलनेत आहे. म्हणजे, वाढवताना होणारं नुकसान कमी झालं. रुग्णाचा प्रश्न वेगळा असतो: ही पिशवी न वाढवता तशीच दिली असती, तर? पहिल्या उत्तरावरून दुसरं गृहीत धरता येत नाही. लेखक स्वतः वाढवलेल्या आणि न वाढवलेल्या पेशी एकत्र देण्याची शक्यता सुचवतात, त्यामुळे दावा त्यांनी मर्यादेतच ठेवलाय. वाचताना आपणच तो फुगवतो. दुसरी शंका: पेशीमृत्यू रोखला, की मरायला हव्या होत्या अशा बिघडलेल्या पेशीही वाचू शकतात. त्यासाठी लांब पल्ल्याची पाहणी लागते.

रुग्णाचा प्रश्न थेट विचारणारी चाचणी म्हणजे ओमिडुबिसेलची. निकोटिनमाइड घालून वाढवलेलं हे नाळरक्त. २०२१ साली 'ब्लड'मध्ये आलेल्या या चाचणीत १२५ रुग्ण होते आणि तुलना होती नेहमीच्या, न वाढवलेल्या नाळरक्ताशी. न्यूट्रोफिल वर यायला मध्यक १२ दिवस लागले. दुसऱ्या गटात २२. जिवाणू-बुरशीचे गंभीर संसर्ग ३७ टक्के, तिकडे ५७. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

दहा दिवस वाचले, ही मोठीच गोष्ट. पण इथेही थांबून वाचा. आजार उलटल्याशिवाय झालेले मृत्यू ११ आणि २४ टक्के दिसतात, तरी तो फरक सांख्यिकीय कसोटीला उतरला नाही. म्हणजे 'लवकर सावरतात' हे म्हणता येतं, 'जास्त जगतात' हे या चाचणीच्या जोरावर म्हणता येत नाही.

मग पुण्याचा पेपर कमी दर्जाचा का? अजिबात नाही. पेशी का मरतात हे कळल्याशिवाय त्या नीट वाढवणार कशा? दोन्ही पेपर वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, एवढंच. रिसर्च प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा एक करा: 'वाढ झाली' हे वाक्य लिहिलं, की लगेच त्यापुढे 'कशाची' आणि 'कशाच्या तुलनेत' हे लिहा. लिहिता आलं नाही, तर तुमचा प्रयोग अजून गोणपाटातच आहे.