नव्या शब्दांची टांकसाळ

स्वयंपाकघरांतील एकेक जिन्नस हातीं घेऊन तिच्या नांवाचें कूळ शोधूं लागल्यास स्वभाषाभिमानी गृहस्थास थोडा संकोच वाटेल. बटाटा, पाव, बादली, घमेलें, चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. रुमाल, पडदा, कागद, खुर्ची हे फारसी-अरबी वाटेनें आले. हे पाहुणे आतां घरचे झाले आहेत. त्यांना दूर सारून नवीं नांवें बसवावीं काय, हा वाद मराठींत साडेतीनशें वर्षें चालू आहे, आणि त्याचा निकाल प्रत्येक वेळीं पंडितांनीं नव्हे तर बोलणारांनींच दिला आहे, असें आमचें मत आहे.

1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें हातीं घेतलेला 'राज्यव्यवहारकोश' हा या उद्योगांतील पहिला मोठा ग्रंथ होय. त्याच्या दहा वर्गांत दरबार, दुर्ग, शस्त्रें, लेखन, इतकेंच नव्हे तर भोग्य वस्तु व बाजारांतील माल यांच्याही यावनी नांवांस संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, डबिराचा सुमंत झाला. राजाज्ञेनें आलेलीं हीं नांवें राजपत्रांत नांदलीं. परंतु पेशव्यांनीं आपल्या मुद्रेवर 'मुख्य प्रधान' कोरलें तरी लोक त्यांस पेशवेच म्हणत राहिले. बाजारांत तर कोशाची सत्ता मुळींच चालली नाहीं. आपण आजही दुकानांतून कागदच आणतों.

विसाव्या शतकांत सावरकरांनीं हाच ध्वज पुन्हा उभारला. महापौर, दिनांक, हुतात्मा या शब्दांचें श्रेय त्यांस दिलें जातें, आणि ते त्यांच्या विरोधकांच्याही लेखणींतून सहज उतरतात. शब्दकर्त्यास याहून मोठा विजय कोणता हवा? माधवराव पटवर्धनांचा प्रवास अधिकच विलक्षण. 1925 मध्यें फारसी-मराठी कोश सिद्ध करणारा हा फारसीचा अध्यापक 1938 मध्यें 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीच्या पक्षास मिळाला. या दोघांचा स्वाभिमान खरा होता, हें आम्हीं मान्य करतों. तथापि त्यांच्या यशाची जागा नीट पाहिली पाहिजे. महापौराचें नांव लोक वर्तमानपत्रांत वाचतात. बादली मात्र रोज हातांत धरतात. छापील कागदावर प्रथम भेटणाऱ्या गोष्टीस नवें नांव चिकटतें. हाताला सवयीची झालेली वस्तु तें सहसा घेत नाहीं.

याची उलट बाजू परदेशांत दिसते. चित्रपटांतील परग्रहवासी योद्ध्यांसाठीं मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञानें 'क्लिंगॉन' नांवाची भाषा रचली व 1985 मध्यें तिचा कोश काढला. तींत युद्धाचे व अवकाशयानाचे शब्द भरपूर, पण घरांतील साध्या जिनसांची नांवें अपुरीं. तिचे अभ्यासक नव्या शब्दासाठीं ओक्रँडकडेच पाहतात. त्याच्या मान्यतेवांचून शब्द खरा धरीत नाहींत. ज्या भाषेला चूल नाहीं, तिला शब्द पुरविणारा धनी लागतो. मराठीला चूल आहे, मग तिनें अशा धन्याची वाट कां पाहावी?

आमच्या भिवंडी तालुक्यांतील दिघाशीसारख्या गांवीं या प्रश्नाला दुसरें गंभीर अंग आहे. जमिनीच्या उताऱ्याच्या माथ्यावर 'अधिकार अभिलेख पत्रक' असे जड शब्द छापलेले असतात. शेतकरी त्यास 'सातबारा' म्हणतो. गांव नमुना सात व गांव नमुना बारा, दोन आंकडे एकत्र आले आणि एक अस्सल मराठी शब्द जन्मला. त्यासाठीं कोणतीही समिती बसली नव्हती. याउलट 'यंत्रमाग' हा घडविलेला शब्द आहे, तरी त्यांतला माग घरचा असल्यानें भिवंडीच्या कोणाही वाचकास तो अडत नाहीं. घडविलेला शब्द वाईट असतो असें नव्हे. ऐकणाराच्या घरांत त्याचें एखादें नातलग असावें लागतें.

हा केवळ रुचीचा प्रश्न नाहीं. स्वतःच्या जमिनीचा कागद जो दुसऱ्याकडून वाचवून घेतो, तो विश्वासावर अंगठा उठवितो, आणि तो विश्वास फसला तर शेत जातें. इंग्रजी हटवून मराठी आणली ती त्याच्यासाठीं. ती त्यालाच परकी झाली तर शुद्धि कोणाची झाली?

शब्दकर्त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, प्रथम गांवांत जाऊन विचारावें. रोवळी, शिंकें, जातें, उखळ हीं नांवें वस्तूंबरोबरच मागें पडत आहेत. तीं टिपून ठेवण्यास कोणाचीही परवानगी लागत नाहीं. नवें नाणें पाडण्यापूर्वीं घरांतली जुनी थैली एकदां उघडून पाहिली, तर टांकसाळीचें निम्में काम वांचेल.