पुण्याच्या नवलकथा आणि अस्सल कागद

पुणें शहराविषयीं चमत्कारिक व मनोरंजक माहिती सांगणाऱ्या लेखांचा एक स्वतंत्र वर्गच मराठी वाङ्मयांत झाला आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, प्रवाशांसाठीं छापलेल्या पुस्तिका, संस्थांच्या स्मरणिका यांतून तींच पांचदहा नवलें वाचकांस पुनःपुन्हा भेटतात. पुणें बाराशें वर्षांचें जुनें शहर आहे. त्यांतील सात पेठांस सात वारांचीं नांवें आहेत. सशानें कुत्र्याचा पाठलाग केला त्या जागीं शनिवारवाडा उभा राहिला. आणि एका अक्षराच्या फेरफारानें एका पेशव्याचे प्राण गेले. या वर्गाच्या लेखनाचें गुणदोषविवेचन करावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नवल वाटणें हा दोष नव्हे. ज्यास आपल्या गांवाविषयीं कधीं नवलच वाटलें नाहीं, तो जुन्या रुमालाची गांठ सोडण्याच्या भरीस पडणार नाहीं. १८६८ सालीं ना. वि. जोशी यांनीं ‘पुणें शहराचें वर्णन’ लिहिलें व १८८५ सालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यासंबंधींचा अठरावा खंड तीन भागांत प्रसिद्ध झाला. शहराचें वर्णन करणाऱ्यास पाहिलेलें, वाचलेलें आणि ऐकलेलें असें तिन्ही प्रकारचें ज्ञान एकत्र करावें लागतें, व त्याबद्दल त्यास दोष देतां येत नाहीं. दोष आहे तो मागाहून येणाऱ्यांचा. ते या तिहींमधील भेद पुसून टाकतात आणि ऐकीव गोष्ट व ताम्रपटांतील ओळ एकाच पंक्तीस बसवितात. त्याचा परिणाम असा होतो कीं, कथा छापून छापून पक्की होते आणि जिच्यांत कथेहून अधिक नवलाची माहिती आहे ती मूळ वस्तु कोणासच पाहावीशी वाटत नाहीं. हें आम्ही चार उदाहरणांनीं दाखवूं.

पहिलें उदाहरण शहराच्या वयाचें. पुण्याच्या प्राचीनत्वाचा आधार म्हणून राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या शके ६९०, म्हणजे इसवी सन ७६८ च्या ताम्रपटाचा निर्देश होत असतो. निर्देश खरा आहे. परंतु त्या पत्र्यांवर काय आहे हें सांगण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. हा लेख पुणें शहरांत सांपडलेला नसून पुणें जिल्ह्यांतील तळेगांव येथें सांपडला. दान दिलें त्या वेळीं राजाची छावणी दूर गंगवाडींत मण्णे येथें होती. आणि त्यांत ‘पूनक’ हें नांव येतें तें नगराचें म्हणून नव्हे, तर विषयाचें, म्हणजे एका प्रदेशविभागाचें म्हणून येतें. त्या विभागांतील दान दिलेल्या गांवांच्या चतुःसीमा सांगतांना थिउर व आलंदिय हीं ग्रामनामें आलीं आहेत. हीं आजचीं थेऊर आणि चोराची आळंदी होत, हें पुण्याच्या पूर्वेकडील मुलूख पाहिलेल्यास सांगावें लागत नाहीं.

यावरून निघणारें अनुमान नेमकें किती? आठव्या शतकांत या प्रदेशास पूनक म्हणत असत, एवढें निश्चित. विभागास ज्याचें नांव मिळालें असें एखादें ठाणें तेथें असावें, हें संभाव्य. परंतु बाराशें वर्षांपूर्वीं येथें ‘शहर’ होतें, हें त्या पत्र्यांवर लिहिलेलें नाहीं. उलट ज्याचें खरोखर नवल वाटावें अशी गोष्ट आमच्या लेखकांच्या हातून निसटते. पुण्यानें आपलें रूप अनेकदां बदललें, पण त्याच्या शेजारचें थेऊर बाराशें वर्षें आपलें नांव जवळजवळ अक्षरशः जपून आहे. ज्यांनीं हा लेख वाचला त्यांस हें दिसतें. ज्यांनीं त्याचा केवळ आंकडा उचलला त्यांस दिसत नाहीं.

दुसरें उदाहरण पेठांचें. कोणा एका पेशव्यानें आठवड्याचे सात वार समोर ठेवून सात पेठा आंखल्या, अशी समजूत आहे. कसबा ही सर्वांत जुनी वस्ती, आणि तिला वाराचें नांव नाहीं, एवढ्यानेंच या समजुतीस पहिला तडा जातो. पुढें पाहावें तों वारांचीं नांवें असलेल्या पेठांस त्यांपूर्वीं निराळींच नांवें असल्याचें आढळतें. सोमवार म्हणजे शहापूर, रविवार म्हणजे मलकापूर, मंगळवार म्हणजे अष्टापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद, शुक्रवार म्हणजे विसापूर आणि गुरुवार म्हणजे वेताळ पेठ. बुधवाराचें जुनें नांव मोहियाबाद. औरंगजेबाचा नातू, कामबक्षाचा पुत्र मुही-उल्-मिल्लत हा बादशाही छावणी पुण्यास असतां वारला व त्याच्या स्मरणार्थ १७०३ सालीं हें नांव पडलें. म्हणजे ज्या पेठेंत पुढें मराठी राज्याची गजबज झाली, तिच्या पोटांत आलमगिराच्या एका नातवाचा मृत्यु दडलेला आहे. ‘वारांच्या पेठा’ या नवलाहून हें नवल कितीतरी मोठें आहे.

संग्राहकांच्या दृष्टीनें येथें एक व्यावहारिक मुद्दा उपस्थित होतो. ‘पेठ मलकापूर’ असा उल्लेख असलेला एखादा खरेदीखताचा कागद हातीं आला, तर सूची करणारा तो बुलढाण्याकडील मलकापुराच्या किंवा कोल्हापुराकडील मलकापुराच्या बस्त्यांत टाकील, हें अगदीं शक्य आहे. तसेंच जुन्या नांवावरून कागदाचा काळ ठरवूं पाहणाऱ्यानेंही सावध असावें. कारण सरकारनें नांव बदललें तरी घरांतील लिहिणारा जुनें नांव पिढ्यानुपिढ्या चालवीत असतो. गंजपेठेस महात्मा फुले पेठ असें नांव मिळालें, तरी बोलण्यांत गंजपेठ राहिलीच. जें आपल्या डोळ्यांदेखत घडतें तेंच अठराव्या शतकांत घडलें असलें पाहिजे. म्हणून सूचींत नांव द्यावें तें कागदांत आहे तसेंच द्यावें. आजचें नांव त्याच्या शेजारीं, पण निराळें लिहावें.

तिसरें उदाहरण शनिवारवाड्याचें. येथें कथा व तारीख या दोहोंचा विचार करावा लागतो. सशानें कुत्र्याचा पाठलाग केलेला पाहून बाजीरावांनीं ती जागा निवडली, असें सांगतात. हीच कथा अहमदशहानें १४११ सालीं वसविलेल्या अहमदाबादेविषयीं सांगितली जाते, आणि विजयनगराच्या स्थापनेविषयीं ती फेर्नांव नुनीश या पोर्तुगीजानें सोळाव्या शतकांत लिहून ठेविली आहे. ससा तोच, कुत्रा तोच. फक्त राजा व नदी बदलते. अर्थात् ही गोष्ट पुण्याच्या इतिहासाची नसून नगरस्थापनेच्या एका फिरत्या कथेची आहे. ती टाकून द्यावी असें नाहीं. परंतु तिला जागा द्यावयाची ती लोककथांच्या संग्रहांत, वाड्याच्या बांधकामाच्या हकीकतींत नव्हे.

आतां तारीख. पाया घातला तो १० जानेवारी १७३० रोजीं आणि वास्तुशांति झाली ती २२ जानेवारी १७३२ रोजीं. दोन्ही दिवस शनिवार, म्हणून नांव शनिवारवाडा, असें सर्वत्र छापलेलें असतें. जिज्ञासु वाचकानें आजच्या पंचांगाच्या गणनेनें मागें जाऊन पाहावें. दोन्ही दिवशीं मंगळवार येतो! मग शनिवार ही थापच म्हणावी काय? तसें नाहीं. आपल्या इतिहासकारांनीं १७५२ पूर्वींच्या तारखा इंग्रजांच्या जुन्या, म्हणजे जूलियन गणनेनें दिलेल्या असतात. इंग्रजी अंमलांत १७५२ च्या सप्टेंबरांत २ तारखेनंतर एकदम १४ तारीख धरण्यांत आली. अठराव्या शतकांत तोंपर्यंत या दोन गणनांत अकरा दिवसांचें अंतर होतें. म्हणून १० जानेवारी १७३० हा नव्या गणनेचा २१ जानेवारी होय, आणि २२ जानेवारी १७३२ हा २ फेब्रुवारी होय. आणि हे दोन्ही दिवस निश्चितपणें शनिवार आहेत. वाड्याचें नांव व तारखा यांचा मेळ याप्रमाणें उत्तम बसतो. हें गणित कोणासही घरीं करून पाहतां येईल, आणि एका नवलकथेस असा स्वतंत्र दुजोरा मिळणें ही संशोधकास आनंद देणारी गोष्ट आहे.

गोव्याच्या पोर्तुगीजांनीं नवी गणना सोळाव्या शतकांतच स्वीकारली होती. त्यामुळें १७३९ सालीं वसईचा तह एकाच दिवशीं होऊनही पोर्तुगीजांच्या लेखीं तो १६ मेचा आणि जुन्या गणनेनें ५ मेचा ठरतो. दोन कागद परस्परविरुद्ध आहेत असें म्हणून त्यांपैकीं एक खोटा ठरविण्याचा मोह येथें आवरला पाहिजे. सुहूर सनाविषयींही अशीच दक्षता हवी. हा सन मृगापासून सुरू होतो. म्हणून त्यांत मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. शनिवारवाड्याचा पाया सुहूर ११३० मध्यें, म्हणजे सलासीन मया व अलफ या सालांत येतो. जो डोळे मिटून ५९९ मिळवील त्याचा वाडा एक वर्ष आधींच उभा राहील.

चौथें उदाहरण सर्वांत गंभीर आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत गारद्यांनीं वध केला. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या रात्रीं त्यांची हांक अजून ऐकूं येते, ही वदंता सर्वांस ठाऊक आहे. वध झाला तो त्रयोदशीस, आणि तोही भर दुपारीं. तेव्हां वदंतेला तिथि व प्रहर दोन्ही प्रतिकूल आहेत. परंतु ती निरुपद्रवी आहे. ‘ध चा मा’ ही कथा मात्र निरुपद्रवी नाहीं. ‘धरावें’ या शब्दाचें ‘मारावें’ असें करून आनंदीबाईंनीं पुतण्याचा जीव घेतला, हा एका स्त्रीवर खुनाचा आरोप आहे, आणि तो सर्वस्वीं एका कागदावरील एका अक्षरावर उभा आहे. अशा आरोपास म्हणीचा पुरावा चालत नाहीं. ती चिठ्ठी कोणत्या दप्तरांत, कोणत्या रुमालांत आहे, हें सांगणाऱ्यानें सांगितलें पाहिजे. प्रमाण देण्याचें ओझें आरोप करणाऱ्यावर असतें.

शिवाय हा प्रश्न लिपीचा आहे, हें आमच्या नवलकथाकारांच्या ध्यानांतच येत नाहीं. ते हें अक्षर मनांत बाळबोधींत पाहतात. त्या काळीं असा व्यवहार मोडींत होई. मोडी लिहितांना शिरोरेघ आधीं ओळभर ओढून घेतात आणि मग अक्षरें खालीं, बहुधा हात न उचलतां, एकास एक जोडून लिहितात. अशा सलग लिहिलेल्या ओळींत मधलें एक अक्षर बदलून त्यास काना द्यावयाचा, तर जागा, शाईचा रंग, टांकाची जाडी व मागील पुढील अक्षरांचे जोड या चारही ठिकाणीं खूण राहण्याचा संभव आहे. उद्यां अशी चिठ्ठी कोणी पुढें आणली, तर परीक्षा या चार गोष्टींची झाली पाहिजे. तोंवर ‘ध चा मा’ ही म्हण म्हणून भाषेंत सुखानें नांदो. साक्ष म्हणून तिला न्यायासनासमोर उभें करूं नये.

या चार उदाहरणांचा निष्कर्ष एकच आहे. पुण्याच्या पुष्कळशा नवलांची किंमत त्यांच्या उगमावर अवलंबून आहे, आणि उगम जपण्याचें काम कथाकाराचें नसून संग्राहकाचें आहे. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला तो पानिपतकालीन पत्रांचा. पण तीं पत्रें पानिपतास नव्हे, वाईस मिळालीं. पूनक विषयाचा ताम्रपट तळेगांवास, पानिपताचीं पत्रें वाईस! वस्तु जेथें मिळते व ती जेथली हकीकत सांगते, तीं स्थळें वेगळीं असतात. म्हणून मिळाल्याचें स्थळ एकदां विसरलें कीं वस्तूचें अर्धें बोलणें बंद पडतें.

यासाठीं संग्राहकांस आमची विनंती आहे. रुमाल मिळाला तर त्यांतील कागदांचा क्रम मोडूं नये आणि वरचें फडकें टाकूं नये. त्यावरील दोन शब्दही पुष्कळदां घराण्याचा पत्ता देतात. गांव, घर व हातीं आल्याचा दिवस त्याच वेळीं लिहून ठेवावा. कागदावरील शक, सुहूर सन, चंद्र व तिथि जशीच्या तशी उतरून घ्यावी, आणि इसवी तारीख दुसऱ्या रकान्यांत, ती जुनी कीं नवी हें सांगून द्यावी. ताम्रपट दुकानीं मोडीच्या भावानें जातात व जुनीं दप्तरें रद्दींत निघतात, हें आपण सर्व पाहत आहों. एका जुन्या वाड्याचें माळवद उतरलें कीं त्याबरोबर एका पेठेचा इतिहासही उतरतो. कथा कोणी ना कोणी पुन्हा सांगेलच. पण गेलेला कागद पुन्हा लिहितां येत नाहीं.